कुवेतमधली वाइनवाली आणि माझी काळी द्राक्षं

वाइन बनवणाऱ्या एका बाईला भेटायला मी कुवेतला जाऊन आलो, असं सांगितलं की आमच्या दिंडोरी तालुक्यात लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं करतात. आखातात ज्याचं कुणी ना कुणी आहे त्याला माहीत असतं, कुवेतमध्ये दारू विकत नाहीत, आणू देत नाहीत आणि घरात करताना कुणी सापडलं तर नोकरी जाऊन सरळ परतीचं विमान. अशा देशात जाऊन वाइनवाल्यांची पारख करायची म्हणजे कोरड्या विहिरीवर पोहणाऱ्याची परीक्षा घेण्यासारखंच होतं.

पण जाणं भाग होतं. माझा धाकटा भाऊ संजय तिथल्या एका रिफायनरीत कंत्राटदाराकडे इंजिनिअर, बारा वर्षं तिकडेच. मी जाण्याच्या चारेक वर्षं आधी त्याच्या डोक्यात घरी परतायचं भरलं आणि ते भरवणारा होता त्याच्याच कामावरचा पास्काल नावाचा फ्रेंच वेल्डिंग इन्स्पेक्टर. पास्कालचं घराणं दक्षिण फ्रान्समधल्या ऐंशी उंबऱ्यांच्या एका गावात वाइन करतं. द्राक्षं तुडवायची आणि वाट बघायची, बस. बाहेरून ना यीस्ट, ना साखर, ना कसली पावडर. तशीच वाइन आपल्या रानात करायची, त्यांनी शिकवायचं, संजयने नोकरी सोडून यायचं आणि दोघा भावांच्या सामाईक सातबाऱ्यावरची अडीच एकर बाग पंधरा वर्षं त्या कामाला बांधून द्यायची, असा बेत होता. कागद तयार होता, संजयची सही झाली होती, माझी राहिली होती.

मी म्हणालो, आधी माणसं बघतो. ज्या धंद्यात ‘आम्ही काहीच घालत नाही’ असं सांगतात, तिथे नेमकं काय घालतात ते शोधावं हा माझा स्वभाव. बायको निर्मला म्हणते, माझा जन्म जकात नाक्यावर झाला असावा. संजयच्याच हट्टापायी तीन वर्षांपूर्वी अर्ध्या एकरात वाइनची काळी द्राक्षं लावली होती, करवंदाएवढ्या मण्यांची. फेब्रुवारीत त्यांची काढणी चालू होती. त्यातली चार किलोची पेटी बांधून घेतली आणि विमानात बसलो.

महबूला

कुवेतच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने पेटी उघडायला लावली. एक मणी तोंडात टाकला, बिया लागल्यावर तोंड वेडंवाकडं केलं आणि हाताने ‘जा’ म्हणाला. एवढ्या सहज सोडलं म्हणजे पुढे कुठेतरी अडवणार, असं धरून मी दारापर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. कुणी अडवलं नाही.

संजयचं घर महबूलात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. सगळीकडे उंच इमारती, मधे वाळूचे मोकळे प्लॉट, त्यात उभ्या केलेल्या गाड्या. खाली किराणा दुकान मल्याळी माणसाचं, इस्त्रीवाला उत्तर प्रदेशचा, लिफ्टमध्ये भेटलेलं कुटुंब सांगलीचं. बाल्कनीतून समुद्राची एक पट्टी दिसते. आमच्याकडे फेब्रुवारीत दुपारी अंगातून घाम निथळतो, तिथे मला स्वेटर घालावा लागला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून संजयचाच स्वेटर घातला.

घरात पाय ठेवला आणि आंबूस वास आला. मी दाराशीच थांबलो. बारा वर्षं परदेशात राहिलेला माणूस, मित्र फ्रेंच, आणि घरात आंबल्याचा वास. चहा घेतला, गप्पा मारल्या आणि सगळे आपापल्या कामाला लागल्यावर स्वयंपाकघराशेजारच्या स्टोअररूमचं दार हळूच उघडलं. कोपऱ्यात घोंगडीत गुंडाळलेलं मोठं पातेलं. झाकण उचलणार तेवढ्यात मागून माझी पुतणी रेवा, वय वर्षं नऊ, म्हणाली, “काका, डोन्ट ओपन इट. मम्मा विल किल यू.”

वैशाली, संजयची बायको, धावत आली. ती मालवणची. “भाऊजी, आंबोळ्यांचं पीठ आहे ते. इकडे थंडीत फुगत नाही म्हणून गुंडाळून ठेवते.” तिने झाकण काढून दाखवलं. पीठ काठोकाठ वर आलं होतं, जाळी पडली होती.

“सोडा घालतेस?” मी विचारलं.

“सोडा कशाला? आपसूक येतं. तांदळात आणि उडदातच असतं ते. फक्त त्याला मारायचं नाही.”

तिने मग हसत हसत विचारलं, “तुम्हाला काय वाटलं होतं?” मी म्हणालो, काही नाही. संजयने ते ऐकलं आणि जेवताना दोनदा त्यावरून माझी खेचली. आंबोळ्या मात्र फार सुरेख झाल्या होत्या, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. मी सहा खाल्ल्या.

बनेद अल-गार, शुक्रवार

शुक्रवारी सुट्टी. संजय मला पास्कालकडे घेऊन गेला. बनेद अल-गार म्हणजे कुवेत शहराचा समुद्राकडचा भाग, जुन्या-नव्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या. पास्काल चौथ्या मजल्यावर. उंच, अंगाने सडपातळ, बोलताना हात फार हलवतो. हात फार हलवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पण खरी भेट त्याच्याशी नव्हतीच. त्याची आई दोन महिन्यांसाठी मुलाकडे आली होती आणि घरची वाइन बनवते ती हीच बाई. नाव ओदेत. मी मनातल्या मनात तिची ओदेतबाई करून टाकली. वय साठीच्या पुढे, केस बारीक कापलेले, पायात जाड मोजे. वाइनवाली म्हणून मी डोळ्यांसमोर जे काही आणलं होतं, त्यातलं तिच्यात काही नव्हतं. आमच्या गावच्या पोस्टातल्या बाईंसारखी दिसत होती.

तिला फ्रेंच सोडून काही येत नव्हतं. म्हणजे ती पास्कालला सांगणार, तो इंग्रजीत संजयला, संजय मराठीत मला. ती पाच वाक्यं बोलायची आणि माझ्यापर्यंत एक पोचायचं. उरलेली चार कुठे जातात, हा प्रश्न मला जेवण संपेपर्यंत सतावत होता. जेवायला झुबैदी होती, म्हणजे आपलं पापलेट, नुसतं लोणी आणि लिंबू लावून भाजलेलं. तिखट नाही, मसाला नाही. इथेही काहीच घालत नाहीत, असं मनात आलं. पण मासा ताजा होता आणि मी दोन खाल्ले.

मी सरळ उलटतपासणी सुरू केली. “यांच्या गावी आत्ता छाटणीचे दिवस ना? मग बागाईतदार बाई बाग सोडून इकडे कशी?”

उत्तर आलं, छाटणी तिने डिसेंबरात लवकर उरकली, राहिलेली नवरा करतोय. वर्षात एकच छाटणी असते.

“एकच?” मला ते पटेना. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळाची छाटणी, दोन केल्याशिवाय वेल हलत नाही. तिला हे सांगितल्यावर तिनेही माझ्याकडे तशाच नजरेने पाहिलं. मग तिने हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल झोपतो, असं खुणेनेच दाखवलं. तेव्हा तिचा उजवा पंजा मला दिसला. कात्रीचा दांडा दाबून दाबून अंगठ्याखाली घट्टा पडला होता, बरोबर माझा आहे तिथेच. तेवढं मी मान्य केलं, हिने वेली छाटल्या आहेत.

“रोग आला तर काय मारता?” मी विचारलं. संजय भाषांतर करायच्या आत मीच म्हणालो, “बोर्डो?” तिचा चेहरा एकदम खुलला. मोरचूद आणि चुन्याच्या त्या मिश्रणाला तीही बोर्डोच म्हणते, ते मुळात त्यांच्याकडचंच. “बोर्डो,” ती म्हणाली आणि हाताने ‘थोडंसं’ असं दाखवलं. मधे दोन माणसं न घेता आम्ही बोललेला तो पहिला शब्द.

मग तिने स्वतःहून सांगितलं. सासऱ्यांच्या काळात तेही सगळं मारायचे, पिंपात सगळं घालायचे. पुढे फवारणीने नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा दोघांनी बंद केलं. पहिल्या वर्षी पाच पिंपं आंबट होऊन गेली, ती त्यांनी शेताच्या चरात ओतली. गावच्या सोसायटीने त्यांचा माल घेणं थांबवलं. दीर चार वर्षं बोलला नाही, कारण शेजारचं रान त्याचं आणि हिच्या बागेतून रोग त्याच्याकडे जातो अशी त्याची तक्रार.

“इतकं होऊनही पिंपात काही घालावंसं वाटलं नाही?” मी विचारलं.

या वेळी ती बराच वेळ बोलली आणि संजयनेही सगळं सांगितलं. “त्या म्हणतात, वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी नवरा गावात गेला असताना पावडरची पुडी फोडून पिंपाशी उभ्या राहिल्या होत्या. मग परत ठेवली.”

हे ऐकून मला का कोण जाणे फार राग आला. असं गोड गोड सांगणारे लोकच फसवतात, असं मी मनाला बजावलं.

जेवणानंतर मी पेटी उघडली. ओदेतबाईने एक घड उजेडाकडे धरला, मण्यावरचा पांढुरका थर अंगठ्याने पुसला, अंगठ्याचा वास घेतला. खाल्लं मात्र नाही. मग आतून काचेच्या दोन बरण्या आणि एक कागदी पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या घरची द्राक्षं होती. सप्टेंबरात काढलेले काही घड ते लोक माडीवर दोरीला टांगून ठेवतात आणि हिवाळाभर खातात. सुकून अर्धी मनुका झालेली. एका बरणीत तिने माझी द्राक्षं हाताने चिरडून टाकली, दुसरीत स्वतःची, थोड्या पाण्यासकट. दोन्हींवर फडकं बांधलं.

संजयचा चेहरा उतरला. “दादा, हे इकडे चालत नाही. आंबायला लागलं तर...” पास्कालही कुरकुरला. बाई म्हणाली, प्यायला कोण करतंय? जिवंत आहे का तेवढं बघायचं आहे. मण्यावरच्या थरात जे असतं त्यानेच वाइन होते. बुडबुडे दिसले की दोन्ही बरण्या संडासात ओतायच्या.

इथे मला एक गोष्ट सांगून टाकायला हवी. त्या अर्ध्या एकरावर औषध मारायचं नाही, फार तर बोर्डो आणि गंधक, असं संजयने लावणीपासून सांगून ठेवलं होतं. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. “दादा, मारलं नाहीस ना?” आणि मी म्हणायचो, “नाही रे बाबा.” पण डावणीच्या रोगाने पानं तेलकट व्हायला लागली की माझ्याच्याने बघवत नसे. शेजारचे बांधावर थांबून बघत. मी मारत होतो. दोन हंगाम, जे बाकी बागेला तेच त्यालाही. अवकाळी पाऊस झाला म्हणून शेवटची फवारणी तर पेटी भरायच्या आधी आठ दिवसांवर. निर्मला म्हणायची, त्याला सांगून टाका. मी म्हणायचो, त्याला तिथे बसून काय कळतंय.

आता ते दोन बरण्यांना कळणार होतं.

पुन्हा बनेद अल-गार, सोमवार

शनिवार-रविवार रजा काढून संजयने मला फिरवलं. फहाहीलच्या बाजारात सोन्याची दुकानं पाहिली, भट्टीतून निघालेला इराणी खुबूस तिथेच उभ्याने खाल्ला. ही आमच्या भाकरीच्या दुप्पट मोठी रोटी, लोक वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारून नेतात. संजय सारखा पुढचं बोलत होता. मार्चअखेर राजीनामा. साहेबाला तोंडी सांगूनही झालंय. रेवाला नाशिकच्या शाळेत घालायचं. “हिला धड मराठीत रागावतासुद्धा येत नाही, दादा,” तो म्हणाला. त्याला इतकं खुशीत मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मी खुबूस चावत राहिलो.

सोमवारी तो कामावर गेल्यावर मी टॅक्सी केली आणि एकटाच बनेद अल-गारला गेलो. हेतू साधा होता. या लोकांत काही तरी खोट सापडावी. ती सापडली असती तर माझी खोट झाकली गेली असती.

इमारतीच्या राखणदाराला तिकडे हारिस म्हणतात. हा बांगलादेशचा, हिंदी बरं बोलणारा. त्याला मी विचारलं, चौथ्या मजल्यावरचे फ्रेंच कसे आहेत? बाटल्या वगैरे?

“ना साहब, बोतल कुछ नहीं. बूढ़ी माँ बहुत अच्छी है. रोज़ सुबह समंदर की तरफ़ जाती है, पेड़ के नीचे से मिट्टी उठाती है, सूँघती है, फेंक देती है.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “आप कौन?”

मी उत्तर शोधत असतानाच ओदेतबाई काखेत खुबूस घेऊन दारातून आत आली. मला पाहून तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही. तिने लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि मी चोरासारखा आत शिरलो.

घरात कुणी नव्हतं. बरण्या फ्रिजवर होत्या. तिने दोन्ही खाली घेतल्या, फडकी सोडली. तिच्या बरणीत सालं वर आली होती, कडेने फेस धरला होता. तिने मला कान लावायला लावला. आत बारीक चरचर चालू होती, वैशालीच्या पातेल्यात असते तशी. मग माझी बरणी. रस स्वच्छ, काळपट लाल, दिसायला झकास. कान लावला. काहीही नाही.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “बोर्डो?”

मी मान हलवली, नाही. प्रवासात खराब झाली, विमानात गारठली, असं काहीही खुणेने सांगता आलं असतं. सांगायला दुभाष्या नव्हता आणि खोटं बोलायला माझे हात वळेनात. मी पाठीवर पंप असल्यासारखा वाकलो आणि डाव्या हाताने दांडा खालीवर केला. तिने बोटं वर करून विचारलं, किती? मी दोन्ही हातांची दहा दाखवली आणि वर एक. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मी शेवटच्या फवारणीच्या तारखेवर बोट ठेवलं. ती पाहून तिने मोठा श्वास सोडला.

“संजे?” तिने विचारलं. संजयला माहीत आहे? मी नाही म्हणून मान हलवली.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने खुबूस मोडला, चीज कापलं, ऑलिव्ह काढले आणि माझ्यापुढे ठेवले. मी खाऊन संपवेपर्यंत ती समोर बसून राहिली. नंतर दोन्ही बरण्या नेऊन तिने ओतून टाकल्या.

महबूला, गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी ते दोघं संजयकडे जेवायला आले. वैशालीने आंबोळ्या आणि सुरमईचं तिखलं केलं होतं. रेवा ओदेतबाईला हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि ते पातेलं दाखवलं. बाईने त्यात नाक घालून वास घेतला, पिठाचं बोट चाखलं आणि वैशालीच्या पाठीवर थाप मारली. जेवण अजून व्हायचं होतं, तरी संजयने कागद आणि पेन टेबलावर आणून ठेवलं होतं.

“बरणीचं काय झालं?” त्याने पास्कालला विचारलं.

पास्काल आईशी बोलला आणि त्याने उत्तर दिलं. संजयने मला सांगितलं, “त्या म्हणतात, द्राक्षं प्रवासात दमली, त्यावरून काही ठरवता येत नाही. सही करायला त्यांची हरकत नाही. म्हणजे दादा, आता तुझंच राहिलं.”

मी ओदेतबाईकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. पहिला विचार माझ्या स्वभावाप्रमाणेच आला, हिला जमीन हवी आहे म्हणून झाकतेय. पण तसं असतं तर ती माझ्याकडे बघून हसली असती, हात मिळवला असता. ती नुसती बसली होती, सोमवारी बसली होती तशी. तिने तसं का सांगितलं हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. एवढंच कळलं की सही केली तर कुणालाही काही समजणार नव्हतं, निदान संजय नोकरी सोडून येईपर्यंत आणि पहिली पिंपं भरेपर्यंत.

पेन मी हातात घेतलं होतं. ते खाली ठेवलं.

“संजय, मी औषध मारलंय.”

त्याला आधी कळलंच नाही. “कशाला?”

“काळ्या द्राक्षांना. अकरा फवारण्या.”

“यंदा?”

“गेल्या वर्षीही.”

पास्काल विचारत होता काय झालं, पण संजयने भाषांतर केलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने कागदाची घडी घातली, उठून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि परत येऊन बसला. वैशाली गरम आंबोळी घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

“वाढ,” तो तिला म्हणाला. “गार होतील.”

सगळे जेवलो. जाताना ओदेतबाईने मुलाकडून एवढंच सांगवलं की तीन वर्षं त्या तुकड्याला बोर्डोशिवाय काही लागू दिलं नाही, तर ती स्वतः दिंडोरीला येऊन बरणी लावेल. शनिवारी संजय मला सोडायला विमानतळावर आला, त्याआधी ऑफिसात जाऊन साहेबाला सांगून आला की आपण राहतोय. गाडीत तो रहदारीबद्दल बोलला. माझी बॅग त्यानेच उचलली.

परत आल्यावर

ऑक्टोबरात छाटणी केली. त्या अर्ध्या एकराला यंदा बोर्डो आणि गंधक, दुसरं काही नाही. डिसेंबरात धुकं पडलं आणि डावणीने निम्मी पानं खाल्ली. बांधावर थांबणाऱ्यांची संख्या वाढली. एकाने विचारलं, आजारी होता का? पंप शेडमध्ये भरलेला होता, बाकीच्या बागेसाठी. दोनदा मी त्या ओळींच्या तोंडापर्यंत तो घेऊन गेलो आणि परत आणला. घड चौथा हिस्सा राहिले असतील. जे राहिलेत ते बारके आहेत, मण्यांवर पांढुरका थर आहे.

गेल्या शुक्रवारी संजयचा फोन आला. आधी रेवाची परीक्षा, मग हवापाणी. मग त्याने विचारलं, “मारलं नाहीस ना?”

“नाही,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”

इतक्या वर्षांत माझं ‘नाही’ ऐकलं की तो लगेच दुसऱ्या विषयावर जायचा.

“बरं,” तो म्हणाला. “वहिनीला दे जरा फोन.”

मी निर्मलाला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिलो.